बावीस तास

आर्डिथ होस्टेटलरच्या शेळीला कान नव्हते. म्हणजे होते, पण सुकवलेल्या जर्दाळूएवढे. ला मांचा जातीच्या शेळ्यांना तेवढेच असतात, आणि त्यामुळे मालकाचा नंबर कानात गोंदता येत नाही, शेपटीखाली गोंदावा लागतो. आर्डिथचा नवरा मर्ल म्हणायचा, हिला कानच नाहीत तर ही आपलं ऐकणार कशाने. टॅन्सी खरंच कोणाचं ऐकायची नाही.

तीन करडांतलं हे सगळ्यांत लहान. मार्चमध्ये गुडघाभर बर्फ असताना झालेलं. दुभत्या शेळ्यांची करडं आईजवळ ठेवत नाहीत, बाटलीने वाढवतात. त्याप्रमाणे हिलाही आर्डिथने खोक्यात घालून स्वयंपाकघरात आणली. त्या वर्षी मर्लच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तो दिवसभर चुलीशेजारच्या खुर्चीत बसून बायकोच्या कामात चुका काढत होता. आर्डिथने बाटली त्याच्या हातात दिली आणि त्याचं तोंड बंद केलं. महिनाभरात टॅन्सीची खात्री पटली की मर्ल हीच आपली आई. मर्ल काठी घेऊन अंगणात निघाला की ही मागे, तो संडासात गेला की ही दाराबाहेर. "नवं हाड बसवायला गेलो आणि पोरगी घेऊन आलो," असं तो दवाखान्यातल्या नर्सलाही सांगून आला होता. त्यांचा स्वतःचा मुलगा अॅरिझोनात होता, दर रविवारी फोन करायचा आणि पहिल्यांदा शेळीची चौकशी करायचा. त्याला यातली खोच कळत होती.

आर्डिथ शाळेच्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षं राबून निवृत्त झाली होती. चारशे पोरांना रोज जेवायला घालणारी बाई, तिला कोणाचं कौतुक करायची सवय नव्हती. टॅन्सीचंही तोंडावर करत नसे. पण धार काढायच्या चौथऱ्यावर टॅन्सी चढली की पुढे वाकून आर्डिथच्या बाहीचं बटण चघळायची, आणि आर्डिथ ती बटणं दर पंधरा दिवसांनी नव्याने शिवायची. बिनबटणाचा झगा घालावा असं तिच्या कधी डोक्यात आलं नाही.

अठ्ठावीस वर्षं ती शेळ्या प्रदर्शनांत नेत होती. उन्हाळाभर ओहायोतल्या या जत्रेतून त्या जत्रेत. पांढरी पँट, पांढरा शर्ट, नीळ घालून धुतलेला. तिला एकच गोष्ट हवी होती. आपल्या गोठ्यात जन्मलेल्या शेळीला कायमचं विजेतेपद मिळावं. त्यासाठी तीन वेगवेगळ्या परीक्षकांनी तीन वेळा ती शेळी आपल्या जातीत पहिली ठरवावी लागते. मग तिच्या नावामागे दोन अक्षरं लागतात, ती मेल्यावरही पुसत नाहीत. विकत आणलेल्या शेळ्यांनी आर्डिथला तो मान मिळवून दिला होता, पण ते म्हणजे दुसऱ्याच्या पोराचं बारसं. टॅन्सी तिची स्वतःची होती आणि दोनदा पहिली आली होती. सहा वर्षांची झाली होती. पुढच्या वर्षी कास उतरायला लागणार हे आर्डिथला दिसत होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते याच उन्हाळ्यात.

आता कासेचं सांगायला हवं. रिंगणात दुभत्या शेळीची कास भरलेली लागते. रिकाम्या कासेकडे परीक्षक ढुंकून बघत नाही. म्हणून आदल्या दिवसापासून धार काढायची नाही, दूध आतच साठू द्यायचं. किती तास? कोणालाही विचारा, बारा सांगेल. बारा हा सांगायचा आकडा. खरा आकडा नवरा बायकोला सांगत नाही. आर्डिथ खरंच बाराच ठेवायची, आणि मागच्या वर्षी जिल्ह्याच्या जत्रेत परीक्षकाने माईकवरून सगळ्यांदेखत म्हटलं होतं, की ही शेळी चालीला उत्तम, पण कास अजून थोडी भरायला हवी होती. टॅन्सी तिसरी आली. तेवढं वाक्य घेऊन आर्डिथ वर्षभर जगली. भांडी घासताना मध्येच म्हणायची, "अजून थोडी, म्हणे."

या वर्षीच्या जत्रेत ला मांचांचा नंबर सकाळी नऊला होता. आर्डिथने आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला शेवटची धार काढली. सोळा तास होणार होते. मर्लने घड्याळाकडे पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं. एरवी ती नऊला काढायची.

सकाळी मंडपात आल्यावर कळलं की क्रम बदलला आहे. अल्पाइन जातीच्या शेळ्यांच्या बहुतेक मालकांना लांब परत जायचं होतं, त्यांनी रदबदली करून आधीचा नंबर मिळवला. ला मांचा दुपारी. आर्डिथने टॅन्सीला पुन्हा बांधलं, पाणी दाखवलं आणि पंख्यासमोर खुर्ची टाकून बसली. थोडं दूध काढून टाकावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण थोडं काढलं की एक बाजू लहान दिसते, दोन्हींकडून काढलं की सगळीच सैल दिसते. तिने नाही काढलं.

बाराला त्यांना बोलावलं. नऊ शेळ्या गोल फिरत होत्या. टॅन्सीची कास चकाकत होती, तटतटलेली, एक सुरकुती नाही. मागच्या पायांच्या मधून ती तिला नीट चालूही देत नव्हती, पण रिंगणात पाय फाकवून सावकाश चालणारी शेळी राजेशाही दिसते. परीक्षक उंच, टेक्ससकडचा माणूस. त्याने तिच्या कासेवर हात ठेवला आणि माईक घेऊन म्हणाला, की इतकी शांत उभी राहिलेली शेळी त्याने या हंगामात पाहिली नाही. आर्डिथलाही आश्चर्य वाटलं होतं. टॅन्सीने त्या दिवशी बटणाला तोंड लावलं नव्हतं. मान खाली घालून ती दात हळूहळू एकमेकांवर घासत उभी होती. आर्डिथला वाटलं, रवंथ करतेय. वाटलं, हिलासुद्धा आजचा दिवस कळतोय.

टॅन्सी पहिली आली. अठ्ठावीस वर्षांनी घोडं गंगेत न्हालं. जांभळी फीत घेताना आर्डिथच्या हनुवटीला कंप सुटला आणि तिने तो खोकून झाकला. रिंगणाबाहेर बायकांनी तिला घेरलं. त्यांत ट्रूडी होती, पोस्टात काम करणारी, दोनच वर्षं झाली होती शेळ्या पाळायला लागून. तिची शेळी आठवी आली होती. ती खाली बसून टॅन्सीच्या कासेकडे बघतच राहिली. म्हणाली, तुम्ही हे कसं करता मला एकदा शिकवा. आर्डिथ म्हणाली, चांगला लसूणघास घाल आणि धीर धर.

मर्ल काठी टेकत आला. त्याने टॅन्सीच्या पाठीवर हात ठेवला.

"झालं ना तुझं? आता मोकळी कर तिला."

"तीनला सगळ्या जातींच्या पहिल्या उभ्या राहणार आहेत."

"राहू देत."

"मर्ल, तीनच तास."

"तीनचं तुला काय करायचंय? तुला हवं होतं ते मिळालं."

आर्डिथ त्याच्यावर खेकसली. तुला यातलं काही कळत नाही म्हणाली. टॅन्सीसोबत सहा वर्षं काढून त्याला सगळं कळत होतं. सगळ्या जातींत पहिली आली तर काय होईल याचा तिने आयुष्यात कधी विचार केला नव्हता. बारा वाजेपर्यंत केला नव्हता. बारानंतर तिला तेच हवं झालं. हाव अशीच असते, बोट दिलं की हात धरते. मर्ल जाऊन ट्रकमध्ये बसला. टॅन्सी गवतावर आडवी झाली, पुन्हा उठली, पुन्हा आडवी झाली. सडांतून दुधाचे थेंब आपोआप गळत होते, खालचा भुसा ओला झाला होता. आर्डिथने कास पुसली आणि वरून तेल लावलं.

तीनला सहा शेळ्या उभ्या राहिल्या. अल्पाइन पहिली, टॅन्सी दुसरी. टेक्ससवाल्याने माईकवरून कारण सांगितलं. दोघी तोडीस तोड आहेत, पण अल्पाइनची कास किंचित जास्त भरदार आहे. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड.

बावीस तासांनी आर्डिथने बादली खाली ठेवली. टॅन्सीने पान्हा सोडला नाही. उजवीकडून निम्मं दूध आलं. डावीकडून बोटभर आलं, तेही फुटलेलं, आणि शेवटी गुलाबी. आर्डिथने ते गवतात ओतलं आणि बादली दोनदा विसळली. मर्लला काही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी टॅन्सीला ताप होता आणि कासेची डावी बाजू दगडासारखी लागत होती. सोमवारी ती बाजू थंड पडली. ताप असलेल्या जनावराची कास थंड लागणं म्हणजे काय हे आर्डिथला माहीत होतं. दुपारपर्यंत कातडी निळी दिसायला लागली. डॉक्टर प्रूइट आली. वीस वर्षं या गोठ्यात येणारी बाई, तिला काय बघायचं हे सांगावं लागत नसे. ती म्हणाली, सड गळत असताना उघडे राहिले, तिथून घाण आत गेली, ताणलेल्या कासेत ती लगेच पसरते. दात किती दिवस खातेय असंही तिने विचारलं. शेळीला असह्य दुखलं की ती दातांवर दात घासते, लोकांना वाटतं रवंथ आहे.

"शनिवारपासून," आर्डिथ म्हणाली.

"किती तास ठेवली होतीस?"

"बारा. तेरा असतील."

डॉक्टरने वहीत बारा-तेरा लिहिलं. मर्ल दाराशी उभा होता. त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

औषधं झाली. मंगळवारी दुपारी टॅन्सी मर्लच्या पायाशी डोकं ठेवून गेली. मर्ल तिच्याजवळ भुशात बसला होता, त्या खुब्याने, आणि नंतर त्याला उठवायला आर्डिथला पाऊण तास लागला. त्याने ट्रॅक्टर काढून सफरचंदाच्या झाडांमागे खड्डा केला. तिला नेताना आर्डिथने शेपटी वर करून गोंदलेला नंबर पाहिला. का पाहिला ते तिला सांगता आलं नसतं. कागदावर लागेल असं वाटलं असावं.

त्यानंतर आर्डिथने कामं काढली. काकड्यांचं लोणचं घातलं, बावन्न बरण्या. पांढरे कपडे धुतले, इस्त्री केले, कपाटात लावले. उरलेल्या अकरा शेळ्यांच्या धारा सकाळी पाचला आणि संध्याकाळी पाचला, मिनिटाचा फरक नाही. बायका येऊन भोपळ्याचे पाव देऊन गेल्या. जत्रेतल्या गोठ्यातूनच काहीतरी लागण झाली असणार, असं आर्डिथ पहिल्या बाईला म्हणाली. मग तेच सगळीकडे झालं, आणि पुढच्या बायका येऊन तिलाच ते सांगू लागल्या. एकीने तर जत्रेच्या समितीला पत्र लिहायचं घेतलं. आर्डिथने मान हलवली. तिला रडू येत नव्हतं. झोप व्यवस्थित लागत होती, जेवण जात होतं. आपल्याला काहीच वाटत नाही हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती बरणीचं झाकण आवळत होती, आणि तिने ते आवळून पूर्ण केलं. अॅरिझोनातून मुलाचा फोन आला तेव्हा मर्ल परसात निघून गेला. मुलगाच रडला. आर्डिथ त्याला म्हणाली, असं होतं बाळा, जनावरं असतात.

विजेतेपदाचं प्रमाणपत्र तिसऱ्या आठवड्यात टपालाने आलं. तिने ते पाकिटासकट पिठाच्या डब्याच्या मागे ठेवलं. मर्लने विचारलं नाही. तो तिच्याशी बोलत होता, मीठ दे म्हणायचा, पाऊस पडेल म्हणायचा. पण त्या शनिवारबद्दल दोघांनी एकही शब्द काढला नव्हता. मी सांगितलं होतं, एवढं तरी त्याने म्हणावं म्हणून आर्डिथ वाट बघत होती. तो म्हणत नव्हता.

ऑगस्टच्या शेवटी राज्याचं मोठं प्रदर्शन असतं. त्या दिवशी सकाळी नऊला फोन वाजला तेव्हा आर्डिथ टोमॅटो सोलत होती आणि मर्ल टेबलाशी कॉफी घेऊन बसला होता. ट्रूडी होती. तिकडून पंख्यांचा आणि शेळ्यांचा कल्ला ऐकू येत होता. ती भराभर बोलत होती. तिची बिस्किट या वेळी कमाल दिसतेय, येणारे-जाणारे थांबून बघतायत. फक्त एक पंचाईत झाली आहे. नंबर अकराचा होता, तो आता दोनला ढकलला आहे. शेवटची धार काल दुपारी तीनला काढली होती. आता आणखी थांबावं का, एवढंच विचारायचं होतं.

"टॅन्सी काय दिसत होती हो त्या दिवशी. तिला किती तास ठेवली होती? मला खरं सांगा हं. सगळे बाराच म्हणतात."

आर्डिथने सुरी खाली ठेवली.

"ती दात खातेय का?"

"कोण, बिस्किट? रवंथ करतेय ना मघापासून. करकर आवाज येतोय. का?"

"गवत खाल्लंय तिने सकाळी?"

ट्रूडी म्हणाली, "नाही. तोंड लावलं नाही."

"ट्रूडी, बावीस," आर्डिथ म्हणाली. "बावीस तास ठेवली होती मी तिला. त्यानेच मेली ती."

"पण सगळ्या तर म्हणत होत्या की तिथल्या गोठ्यातून..."

"मी तसं सांगितलं म्हणून म्हणत होत्या. मी मारली तिला. बाराला ती जिंकली होती. मर्ल मला म्हणाला, मोकळी कर, आणि मी नाही केली."

पाठीमागे मर्लचा कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला. आर्डिथने वळून पाहिलं नाही.

"आत्ता काढली तर दोनला रिकामी दिसेल," ट्रूडी म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "मी वर्षभर हिच्यासाठी..."

"रिकामी दिसेल. परीक्षक शेवटी उभी करेल. बादली आहे का जवळ?"

"आहे."

"फोन बंद करू नकोस. तिथंच कुठंतरी ठेव, आणि बस खाली."

फोन लाकडावर टेकला. थोडा वेळ नुसता कल्ला. मग बादलीच्या रिकाम्या तळावर पहिली धार वाजली. मग दुसरी. डावी, उजवी, डावी, उजवी. आर्डिथ डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या मोकळ्या हाताची मूठ त्या लयीत उघडत-मिटत होती. धारांचा आवाज हळूहळू जड झाला, फेस चढला, दुधावर दूध पडायला लागलं. पांढरं असेल का, हे तिला विचारायचं होतं, पण तिकडे फोन कोणाच्या कानाला नव्हता. टोमॅटोवर काहीतरी टपटपलं तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय. मर्ल खुर्चीवरून उठला, काठी न घेता आला आणि तिच्याशेजारी ओट्याला धरून उभा राहिला. तोही ऐकू लागला.

ट्रूडीने फोन उचलला.

"पांढरं आहे," ती म्हणाली. "झालं. संपलं."

"संपलं नसतं. करडू ढुसण्या देतं तशा कासेला दोन दे आणि पुन्हा बघ."

ट्रूडी गेली. फेसात पुन्हा धार पडू लागली, आधी बारीक, मग मोकळी.

"काढ," आर्डिथ फोनमध्ये म्हणत होती, तिकडे कोणी ऐकत नसताना. "सगळं काढ. आत थेंब ठेवू नकोस."